एकट्यांची रांग

कात्रीने कापलेल्या पाकिटाचा इवलासा चौकोन, आत एकच गोळी, आणि त्या चंदेरी कागदाचा एक कोपरा तळहातात सारखा टोचत होता. मूठ सैल सोडावी तर पडेल, आवळावी तर टोचेल... टोचू दे. सकाळपासून या उद्यानात तेवढीच एक गोष्ट खरी वाटत होती. बाकी नुसते भोंगे, झिरमिळ्या, आणि अस्वलाचा मुखवटा चढवून येणाऱ्याजाणाऱ्याला हात हलवणारी घामाघूम माणसं. सुट्या वस्तू राइडवर न्यायच्या नाहीत म्हणून पर्स दाराशीच लॉकरमध्ये ठेवावी लागली, अंगातल्या कपड्यांना खिसा नाही, आणि जिभेखाली ठेवायची गोळी लॉकरमध्ये ठेवून उपयोग काय — म्हणून मग मूठ. खरं तर गोळी नवऱ्याची. छाती त्याची, आणि त्याच्या पँटला खिसेही भरपूर. पण सकाळी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "खिशात गोळी घेऊन फिरायचं, तर घरीच बसलेलं काय वाईट?" तीच गोळी बायकोच्या मुठीत असली की मात्र माणूस ठणठणीत.

"चल ना लवकर," तो पुढून म्हणाला. हातात नकाशा, कानावर पेन, पायात कालच आणलेले पांढरेशुभ्र बूट. "सगळ्या करायच्या. एकही सोडायची नाही."

सगळ्या. हा शब्द मुळात डॉक्टरांचा. आठ महिन्यांपूर्वी ज्यांनी त्याची बुजत आलेली रक्तवाहिनी उघडून आत स्प्रिंग बसवली, ते गेल्या आठवड्यात फाइल मिटता मिटता म्हणाले होते, "आता सगळं करा. घाबरून बसू नका." म्हणजे जिने चढा, बाजारात जा, चार दिवस कुठेतरी फिरून या. शेंबड्या पोरालाही कळलं असतं. याने मात्र तेवढा एकच शब्द उचलला आणि घरी आल्या आल्या जाहीर केला. "सगळं म्हणाले की नाही? तूही होतीस तिथे." होते ना. मी कुठे नसते? तपासणीच्या खोलीबाहेर मी, औषधांच्या दुकानात मी, रात्री त्याचा श्वास लागतोय का ते ऐकत जागी मीच...

पण डॉक्टर हे निमित्त. खरी कळ कुठे होती ते तिला पक्कं ठाऊक होतं. तीन महिन्यांपूर्वी याच उद्यानात धाकट्या दिराच्या कुटुंबाबरोबर दोघं आले होते, तेव्हा दीर सहज म्हणाला, "दादा, तू बस इथे बाकावर. बॅगा सांभाळ." नवऱ्याने तोंड उघडलं होतं, काहीतरी बोलणार होता — आणि तिनेच त्याच्या आधी म्हटलं, "हो हो, ते बसतील." ते बसले. दिवसभर बसले, बॅगांच्या आणि पाण्याच्या बाटल्यांच्या मधोमध, कुणाच्या तरी झोपलेल्या आजोबांच्या शेजारी. परतताना गाडीत एक शब्द नाही. तोच राग आज पांढरे बूट घालून तिच्यापुढे तरातरा चालत होता.

प्रत्येक राइडच्या दाराशी तीच पाटी. लाल बदाम आणि त्यावर आडवी काट. खाली बारीक अक्षरात पाठीचे, मानेचे, रक्तदाबाचे सगळे आजार. तो पाटीकडे असा बघायचा की जणू ती दुसऱ्या कुणासाठी लावली आहे. "काका, काही त्रास नाही ना?" गेटवाले विचारायचे. "छे! मला काय धाड भरलीय?" मग तो मागे वळून तिच्याकडे बघायचा, आणि ती गप्प. तिने एक शब्द उच्चारला असता तर त्याला सगळ्यांदेखत बाहेर काढलं असतं. हे त्यालाही माहीत होतं, म्हणूनच तर तो वळायचा. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, इथे तर सुंभही नवा बसवून मिळाला होता.

दोन राइडमध्येच पाऊण सकाळ गेली. तिसऱ्या गेटवरच्या मुलीने नकाशावरच्या त्याच्या खुणा पाहिल्या आणि हसली. "सगळ्या करायच्यात काका? मग या रांगेने नाही व्हायच्या. तिकडे एकट्यांची रांग आहे बघा. जिथे एखादी जागा रिकामी राहते तिथे एकेकाला बसवतात. पटापट होतं. फक्त तुम्हाला शेजारी शेजारी नाही बसता येणार."

"चालेल," तो म्हणाला.

एवढा पटकन? निदान मान वळवून बघायचं तरी. "अहो, गोळी माझ्याकडे, आणि तुम्ही भलतीकडेच," ती म्हणाली. "काही झालं तर?"

"दोन मिनिटांचा तर खेळ असतो. तेवढ्यात काय होतंय? आणि तुला नसेल यायचं तर बस ना खाली."

बस ना खाली. परतफेड केलीन बरोबर. तर मग नाहीच बसणार, असं म्हणून ती रांगेत शिरली. लोखंडी कठड्यांची ती अरुंद वाट, जेमतेम एक माणूस मावेल अशी, आणि पुढे त्याची मान. दिवसभर आता हेच दिसणार होतं — मान, नुकतेच कापलेले केस, कॉलरच्या वर घामाने चिकटलेलं शर्टाचं लेबल. गाडीत तो पुढे कुठेतरी, ती मागे कुठेतरी, शेजारी एखादी अनोळखी कॉलेजची पोरगी किंवा कुणाचे तरी मामा. जहाज झुलायचं, गाड्या आपटायच्या, अंधाऱ्या बोगद्यातून प्लास्टिकचे सांगाडे अंगावर यायचे, आणि ती त्या मानेवरची नजर काढायची नाही.

कशासाठी? काळजी म्हणून, असं कुणीही म्हणालं असतं. लोक म्हणतच होते. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबांना जप गं." जाऊ म्हणायची, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून." आणि ती मान खाली घालून म्हणायची, "काय करणार, जिवाला घोर असतो नुसता." खोटं नव्हतं ते, अगदीच खोटं नव्हतं... पण त्या आठ महिन्यांत आणखीही काही होतं, आणि ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. भेटायला आलेली माणसं आधी तिच्याकडे बघत, आत जाऊ का म्हणून. ती म्हणायची, "पाचच मिनिटं हं," आणि माणसं खरंच पाच मिनिटांत उठत. जो माणूस तीस वर्षं ताटात काय कमी आहे एवढंच सांगायला तोंड उघडत होता, तो विचारायचा, "चिमूटभर मीठ घेऊ का गं?" आणि मी नाही म्हणायचे. कधी कधी हो म्हणता येत असूनही नाही म्हणायचे. त्याचा पडलेला चेहरा बघून मला बरं वाटायचं, हे कुणाला सांगणार? आजारी माणसाच्या घरात बायकोचं राज्य असतं. आणि डॉक्टरांनी फाइल मिटून ते एका वाक्यात खालसा केलं.

दुपारी ते उलटं करणारं यंत्र आलं. माणसांना दोन रांगांत बांधायचं, वर न्यायचं आणि डोकं खाली पाय वर करून तसंच लटकत ठेवायचं. तो दूर पलीकडच्या टोकाला. तिच्या शेजारी एक धिप्पाड बाई बसली होती, तोंडभर हसणारी. "ताई, हात सोडा हो," ती बाई ओरडली, "वर करा हात! तशीच मजा येते!"

आणि जग उलटं झालं. रक्त डोक्यात उतरलं, खाली आकाश आणि वर डांबरी रस्ता, आणि तिच्या घशातून एक आवाज निघाला. हा आवाज तिचाच होता? किती वर्षांत ओरडले नव्हते मी असं! रागाने नाही, कुणाला बोलवायला नाही, नुसतंच. तिने हात वर केले, म्हणजे खाली, दोन्ही हात, दहाही बोटं फाकून. त्या बोटांमधून काहीतरी चंदेरी लकाकत गेलं तेव्हा ते काय होतं हे तिला कळलं. तिने आधी बोटं उघडली आणि मग तिला आठवलं, की आधी आठवलं आणि मग तिने उघडली — याचा विचार तिने तिथे लटकून केला नाही, आणि नंतर करायचं धाडस झालं नाही.

खाली उतरल्यावर तो भेटला, चेहरा लालबुंद, केस उभे. "तू ओरडत होतीस! मला तिकडे ऐकू आलं!" एखाद्या पोरासारखा खूश होता. तिने मूठ मिटून घेतली. सवयीने मिटली, की त्याने विचारू नये म्हणून मिटली, कोण जाणे. उरलेलं पाकीट पर्समध्ये होतं, पर्स लॉकरमध्ये, लॉकर उद्यानाच्या पार दुसऱ्या टोकाला. जाऊन यायला हवं होतं. पण जायचं म्हणजे सांगायला हवं, आणि सांगायचं म्हणजे 'माझ्या हातून पडली' म्हणायला हवं. ज्या बाईने आठ महिन्यांत एक गोळी चुकू दिली नाही तिने? पुढची झाली की जाऊ, असं तिने ठरवलं. पुढची झाली. मग त्याच्या पुढची.

आणि गंमत अशी की तिला हलकं वाटत होतं. मोकळा हात मोकळा नाही हे दाखवत ती त्याच्यामागून चालत होती, कठड्यांमधून वळत होती, मानेवर नजर ठेवून होती. एका गाडीत, अगदी चढावर, त्याचा उजवा हात सुटला आणि छातीकडे गेला. तिच्या मनात शब्द उमटला: झालं! बघा, मी म्हणत नव्हते? तो शब्द भीतीचा नव्हता. पैज लावलेल्या माणसाला होतो तसा आनंद होता त्यात, शुद्ध, चोख. मग दिसलं की त्याने फक्त शर्टाचं सुटलेलं बटण लावलं. तिला चक्क निराश वाटलं. गाडी खाली कोसळली, सगळे किंचाळले आणि ती गप्प बसून राहिली, आपण काय माणूस आहोत म्हणत.

ऊन उतरलं तेव्हा नकाशावर एकच राइड उरली होती, सगळ्यात उंच, जिचा लाल सांगाडा सकाळपासून कुठूनही दिसत होता. तिच्या दाराशी येऊन तो पहिल्यांदाच बाकावर बसला. बुटांना चिखल लागला होता. कपाळावर घाम होता. पण घाम सगळ्यांच्याच कपाळावर होता.

"दमलात?" तिने विचारलं.

"छे." मग जरा थांबून, नकाशाची घडी घालत तो म्हणाला, "गोळी आहे ना?"

"आहे."

किती सहज आलं ते. मीठ आहे का, आहे. दूध आलं का, आलं.

"नाही, म्हणजे ठाऊक आहे मला," तो म्हणाला आणि हसला, तिच्याकडे न बघता. "उतरलो की आधी तुझी मूठ बघायचो. मिटलेली दिसली की म्हणायचो, चला, पुढची. नाहीतर माझी कसली टाप? पहिल्या राइडलाच पाय लटपटत होते." तो उठला. "आता ही एक. मग घरी. मग तुझंच राज्य आहे."

म्हणजे त्याला माहीत होतं. राज्याचं माहीत होतं, मुठीचं नव्हतं. अख्खी दुपार हा माणूस तिच्या रिकाम्या मुठीच्या भरवशावर आभाळात चढत होता.

"राहू द्या ना ही एक," ती म्हणाली. "पुढच्या वेळी करू."

"एवढं सगळं केल्यावर? हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणू का?" आणि तो एकट्यांच्या रांगेत शिरलासुद्धा. सांग. आत्ता सांग. तिच्या आणि त्याच्या मध्ये दोन पोरी घुसल्या. कठडा वळला. सांगायला चारच शब्द पुरेसे होते, आणि ते चार शब्द ती जिभेवर घोळवत राहिली, त्यांना जरा बरा आकार देत, त्यात आपला दोष जरा कमी दिसेल असा... तेवढ्यात दार उघडलं. गेटवाल्याने त्याला बोट दाखवलं, अगदी पहिली जागा. तिला शेवटची. दांडा खाली आला आणि मांडीवर घट्ट बसला.

गाडी चढू लागली. साखळीचा कडकड आवाज, मध्ये डोकीच डोकी, आणि पार पुढे ती मान, आता एवढीशी. आणि तिला भीती वाटली. लोकांना सांगायची ती नव्हे, ती तिला पाठ होती. ही वेगळीच होती, पाय गार करणारी, तोंड सुकवणारी. ही आज पहिल्यांदा आली होती, आणि हिच्यात बरोबर ठरण्याचं सुख औषधालाही नव्हतं.

"अहो!" ती ओरडली.

मधल्या दोघातिघा पुरुषांनी मान वळवायची धडपड केली. कुणाच्या तरी बायकोने हाक मारली होती. तो वळला नाही. वळला असता तर काय सांगणार होते मी, या उंचीवर, इतक्या अनोळखी माणसांच्या डोक्यांवरून? साखळीचा आवाज थांबला. गाडी टोकावर आली, क्षणभर तशीच राहिली, आणि पुढचे डबे खाली वाकू लागले तशी ती मान दिसेनाशी झाली. चुकू दे मला, ती मनात म्हणत होती, आठ महिने जे जे म्हणत आले ते सगळं चुकीचं निघू दे, त्याला काही न होऊ दे... आणि त्याच वेळी तितकंच लख्ख कळत होतं की तो खाली धडधाकट उतरला, तर मी त्याला यातलं काहीच सांगणार नाही.