चक्कीवरून दिसणारा समुद्र

नाचणगावच्या पंचफुलाबाईंनी समुद्र कधी प्रत्यक्ष पाहिला नव्हता, पण त्यांच्या पिठाच्या चक्कीवर तो रोज सकाळी सातपासून चालू असायचा. गव्हाच्या डब्याला मोबाईल टेकवलेला आणि त्यात कोकणातला एक किनारा.

त्यांची मुलगी मेघा हॉटेलच्या नोकरीसाठी तिकडे गेली आणि तिथल्या सर्फिंगच्या शाळेत फळीवर उभी राहायला शिकली. वर्धा नदीत पोहून मोठी झालेली पोर. तिला पाण्याचं भय नव्हतं. भय होतं ते आईला. म्हणून मेघानं किनाऱ्यावरच्या कॅमेऱ्याची लिंक पाठवून दिली. "पाय आई, मी बुडली का तरली, घरबसल्या पायत जाय."

शाळेचे मालक भूपेंद्रसर यांना तो कॅमेरा मुळीच पसंत नव्हता. चांगली लाट कुठे फुटते, हे त्यांच्या तरुणपणी सर्फर मंडळी सख्ख्या भावालाही सांगत नसत. वाळूत तासन्‌तास बसून ती हेरावी लागे. आता खांबावर कॅमेरा बसला आणि लाटांची खबर अंथरुणातच मिळायला लागली. "पोरं समुद्राकडे बघायचंच विसरली," असं ते चिडून म्हणायचे.

पंचफुलाबाई मात्र बघत होत्या. सुरुवातीला नुसता मेघाचा लाल शर्ट शोधायच्या. तो सापडला की जीव भांड्यात पडायचा. मग हळूहळू नजर लाटांवर गेली. चक्कीच्या घरघरीत मोबाईलचा आवाज ऐकूच यायचा नाही, त्यामुळे सगळं काम डोळ्यांनाच. लाटा एकेकट्या येत नव्हत्या. चार-पाचांचा जथा यायचा, मग पाणी निवांत. जथ्यातली पहिली लाट दिसायला दांडगी, पण अर्ध्यातच कोसळायची. तिसरी-चौथी लांबवर धावायची. मेघा नेमकी पहिलीवर झडप घालायची आणि आपटायची.

एका दुपारी त्यांनी फोन लावला. "मेघे, येवढी घाई काऊन करतं वं? पहिली जाऊ देत जा. तिसरीची वाट पायजो."

"आई, तुले काय समजते त्यातलं?"

"मले काहीच नाई समजत. पण दोन महिन्यांपासून तुले पडताना पाहून राह्यली ना मी!"

मेघानं रागारागात फोन ठेवला.

पुढच्या रविवारी तिची स्पर्धा होती, तीही मोबाईलवर थेट दिसणारी. शेजारची रुख्मिणी दळण घेऊन आली आणि तिथंच थांबली. आणखी चार बाया डबे घेऊन उभ्या. वीस मिनिटांत जिच्या दोन लाटा सगळ्यांत चांगल्या, ती जिंकणार. बारा मिनिटं झाली तरी मेघाच्या नावावर एकच बरी लाट. इतक्यात जथा आला. मेघानं पहिली लाट सोडली. दुसरीही सोडली.

"झोपली काय वं ही?" रुख्मिणी ओरडली.

पंचफुलाबाईंनी मोबाईलवरून नजर हटवली नाही. पदराचं टोक तेवढं मुठीत आवळलं.

तिसरी आली. मेघानं फळी वळवली, झपाझप हात मारले आणि उभी राहिली. लाट धावतच राहिली, मेघा तिच्यावर उभीच, थेट वाळूपर्यंत! बायांनी असा काही गलका केला, की गहू संपून चक्कीचे दगड रिकामेच खडखडताहेत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

थोड्या वेळानं व्हिडिओ कॉल आला. केसांतून पाणी गळत होतं. "आई, दुसरा नंबर! तुझं आयकलं मी!" ती हसतही होती, रडतही होती.

फोन भूपेंद्रसरांनी घेतला. "ताई, त्या कॅमेऱ्याला मी रोज शिव्या देत होतो. समुद्राकडे असं बघणारं कुणी तिकडे बसलंय, हे मला काय माहीत! आता आमच्या बाकीच्या पोरी कुठे चुकतात, तेही सांगा."

पंचफुलाबाई लाजल्या. पदर सावरून म्हणाल्या, "सांगते ना. पण कोणी वाईट वाटून घेऊ नोका. थे पिवळ्या शर्टवाली कोण आहे जी? थे सारखी आपल्या पायाकडेच पायत राह्यते."

तिकडे एकच हशा उसळला, आणि त्यातून एक आवाज आला, "ती मीच, मावशी!"