सोनीच्या कानामागचे गोचीड

लातूर जिल्हा वेगळा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. त्या दुष्काळात देवणीबाहेर गुरांची छावणी लागली, ती नेमकी तारामतीच्या घरामागं. तारामती शाळेत शिक्षिका होती, नवरा रामकिशन लातूरला कचेरीत नोकरीला. घरी सासू कस्तुराबाई आणि सोनी नावाची मांजर.

सोनी दिवसभर छावणीत उंदरांमागं हिंडायची आणि अंगावर गोचीड घेऊन यायची. तारामती तिला मांडीवर घेऊन एकेक गोचीड बोटांनी उपटायची, नखावर चिरडायची.

एके दिवशी तारामतीला ताप भरला. डोकं फुटायची वेळ आली. गावातल्या डॉक्टरांनी हिवतापाच्या गोळ्या दिल्या, पण ताप उतरेना. इकडं सोनीनंही खाणं सोडलं.

कस्तुराबाईंच्या मनानं घेतलं, हे सगळं त्या मांजरीमुळंच. त्यांनी सोनीला पिशवीत घातलं आणि सोडून द्यायला छावणीत नेलं. तिथं जनावरांचे डॉक्टर पंचाक्षरी देवणी जातीच्या एका गायीला तपासत होते. पिशवीतून म्याव ऐकून त्यांनी विचारलं, "काय आणलंय मावशी?"

"मांजर हाय साहेब. इथंच सोडते. घरात सून तापानं फणफणलीय."

डॉक्टरांनी सोनीला बाहेर काढलं. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. कानामागं गोचीड टम्म फुगले होते.

"हिच्या रक्तात गोचिडामुळं रोग शिरलाय. सुनेला गोचीड चावला होता का? अंगावर पुरळ?"

"पुरळ हाय की. तळहातावर सुदिक." कस्तुराबाई पुढं सरकल्या. "आन् काखेत एक काळी खपली हाय."

"मी माणसांचा डॉक्टर नव्हे. पण आजच लातूरच्या सरकारी दवाखान्यात न्या. गोचीड, खपली, पुरळ, सगळं सांगा. गोचीड चावतो तिथं अशी खपली धरते आणि माणसालाही ताप येतो."

"म्हंजे मांजरीनं न्हाई दिला?"

"दोघींना गोचिडानं गाठलंय. हिला माझ्याकडं ठेवा, औषध देतो."

कस्तुराबाई जवळजवळ पळतच घरी आल्या. दुपारच्या एसटीनं त्या सुनेला घेऊन निघाल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी खपली पाहिली, गोचिडाचं ऐकलं आणि लगेच औषध बदललं.

दुसऱ्या दिवशी रामकिशन डबा घेऊन आला तेव्हा तारामतीच्या कपाळावर घाम होता. कस्तुराबाईंनी हात लावून पाहिलं, मग पुन्हा लावून पाहिलं.

"उतरला रे ताप," त्या म्हणाल्या आणि खाटेच्या कडेला बसल्या. त्यांना रडू आवरेना.

"आत्या, सोनी कुठंय?" तारामतीनं हळूच विचारलं.

"डाक्टरकडं हाय. नीट व्हईल म्हणले." कस्तुराबाईंनी पदरानं डोळे पुसले. "पर आता गोचीड हातानं काढायचे न्हाईत, तारा. चिमट्यानं धरायचे आन् राकेलात टाकायचे. डाक्टरीणबाईंनी बजावलंय."

तारामती हसली. "भाकर आणलीय का? लई भूक लागलीय."

रामकिशन डबा उघडू लागला. झाकण घट्ट बसलं होतं, निघेना, तेव्हा तिघंही हसली.