चार लाल चौके

शेजारच्या विल्सनने चव्वेचाळीस नंबरचं घर घेतलं ते स्वस्तात मिळालं म्हणून, हे आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. चिनी माणसं चाराच्या आकड्याला घाबरतात. त्यांच्या भाषेत चार आणि मरण यांचा उच्चार जवळजवळ एकच, मग चव्वेचाळीस म्हणजे मरणाला लागून मरण. कॅनडातल्या आमच्या या मार्कहॅममधलं एकही चिनी गिऱ्हाईक त्या घराकडे फिरकेना. विल्सनही चिनीच, पण त्याने घेतलं. सामान उतरवायच्या दिवशी त्याची आई दाराबाहेर उभी राहून रडली, आत पाऊल टाकेना, तेव्हा हा तिला म्हणाला की आई, हे कॅनडा आहे, इथे चार म्हणजे नुसते चार. ही गोष्ट मला त्याच्या बायकोने, ग्रेसने, हसत हसत सांगितली होती. मला तेव्हाही हसू आलं नव्हतं.

मी प्रमिला, मूळची मिरजेची. माझा मुलगा शुभंकर शेजारीच, शेहेचाळीस नंबरात राहतो आणि मी त्याच्याकडे असते. विल्सनच्या आईला मी आमा म्हणते. आमा म्हणजे त्यांच्याकडची आजी. मीही आजीच, तीही आजीच, तरी ती मला ‘पामिला’ म्हणते, कारण ‘प्र’ काही तिच्या जिभेवर बसत नाही. दोघींना मिळून इंग्रजी येतं ते एका बशीत मावेल एवढं. पण नातवंडं शाळेत गेली की आम्ही पार्कातल्या बाकावर बसायचो आणि आमच्या गप्पा संपायच्या नाहीत. अडलं की ती फोनमध्ये बोलायची, फोन मला इंग्रजीत काहीतरी अगम्य सांगायचा, आणि आम्ही दोघी फोनलाच हसायचो.

आमा शियामेनची. समुद्रातल्या बेटावरचं शहर ते. तिथे वर्षभर काही ना काही चालूच, हे तिने मला बोटांवर मोजून सांगितलेलं. नव्या वर्षाच्या नवमीला आकाशातल्या देवाची पूजा, तिला मुळासकट ऊस लागतो. वसंतात पितरांची थडगी झाडायची. उन्हाळ्यात होड्यांच्या शर्यती. सातव्या महिन्यात भुकेल्या भुतांना जेवण, तेही एकेका गल्लीचा दिवस वेगळा, म्हणजे महिनाभर कुठे ना कुठे पंगत. इथे आल्यावर त्यातलं एकेक गळत गेलं. मुळासकट ऊस गाडीत मावत नाही म्हणून नवमी गेली. भुतांसाठी बॅकयार्डात बादलीत कागद जाळला, तर मागच्या घरातल्यांनी तक्रार केली आणि विल्सनने ती बादलीच रीसायकलिंगमध्ये टाकली. थडगी तर तिकडेच. उरला एक चंद्राचा सण. तो उरला, कारण त्यात खेळ आहे आणि खेळ विल्सनला आवडतो.

खेळ असा. चिनी मातीचा वाडगा, सहा फासे, सगळ्यांनी पाळीपाळीने टाकायचे. त्यांच्या फाशावर चौका लाल असतो आणि या एका खेळात चौका सगळ्यांत मोठा. बाहेर चार म्हणजे मरण, वाडग्यात चार म्हणजे राजा. चार चौके पडले की पहिलं बक्षीस, ताटाएवढा मूनकेक, म्हणजे त्या सणाची सारण भरलेली गोल मिठाई, आणि वर्षभराचं नशीब. त्याहून मोठं दान दुसऱ्या कुणाचं पडलं तर तो ते हिसकावून घेतो. एखादा फासा वाडग्याबाहेर उडाला तर पाळी गेली. आमा सांगायची की हा खेळ त्यांच्या शियामेनचाच, बाकीच्या चीनला त्याचं काय.

आणि याच खेळावर विल्सनने आईला शब्द दिला होता. ज्या वर्षी पहिलं बक्षीस तुझं, त्या वर्षी तुला घरी पाठवतो. तिकडे तिची थोरली बहीण आहे, अंथरुणाला खिळलेली. ती दर सणाला व्हिडिओवर येते, वाडगा दाखवते आणि विचारते, तू कधी येणार? विल्सन दरवर्षी म्हणतो, आधी जिंकू तर दे. बायपास झालेल्या आईला आशेला लावून ठेवायचं आणि तिच्याकडून दोन पोरांचे डबे, शाळेची ने-आण आणि रात्रीचा स्वयंपाक करून घ्यायचा. मला कुणी विचारलं तर मी हे तोंडावर सांगेन. विचारतंय कोण?

आमा मात्र त्या शब्दावर जगत होती. अख्खा उन्हाळा ती बाकावर फासे घेऊन बसली. वाडगा घराबाहेर नेऊ देत नाहीत म्हणून मी माझी आमटीची स्टीलची वाटी दिली. इतका खणखणाट व्हायचा की कुत्री फिरवणारी माणसं वळून बघायची. फासे टाकता टाकता ती मला आकडे शिकवायची. चार म्हणजे सी. मरण म्हणजेही सी. चाराचा सी खाली उतरत जाणारा, मरणाचा वरून कापून टाकलेला. ती दोन्ही म्हणून दाखवायची आणि विचारायची, कुठला? मी दरवेळी चुकायचे. माझे कानच फुटलेत म्हणून ती माझ्या दंडावर चापट मारायची.

यंदा त्यांचा चंद्राचा सण आणि आपली कोजागिरी एकाच दिवशी आली. त्यांना यंदा अधिक महिना होता, आपला पुढच्या वर्षी, म्हणून जमलं. ग्रेसने आम्हाला बोलावलं. मी केशर, चारोळी, जायफळ घालून दूध आटवलं. म्हटलं, कोजागिरीला आपल्याकडेही फासे खेळत जागतात, आपण काही परके नाही. सुनेची शिफ्ट होती, मी आणि शुभंकर गेलो. दिवेलागणीची वेळ, पत्र्याच्या कुंपणावर चंद्र आलेला. आमाने लाल स्वेटर घातला होता. मी अंडं खात नाही म्हणून माझ्या मूनकेकमधलं अंडं तिने आधीच काढून टाकलं होतं. टेबलावर वाडगा, शेजारी टॅबलेट टेकवून ठेवलेला आणि त्यात उशीवर तिच्या बहिणीचं सुकलेलं तोंड. तिकडे सकाळ होती.

आमाने फासे टाकले. पाच थांबले, सहावा काठाशी गरगरत राहिला आणि आत पडला. वाडग्यात चार लाल चौके.

मग टॅबलेटमधली बहीण काहीतरी ओरडली आणि आमाने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी तिला घट्ट धरलं. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या पीआरच्या, इथे कायम राहायच्या परवान्याच्या वेळीही झाला नव्हता, खरंच सांगते.

पण विल्सन म्हणाला, खेळ संपलेला नाही, अजून कुणी हिसकावू शकतं. बरं बाबा. ग्रेसने टाकले, काही नाही. शुभंकरने टाकले, काही नाही. माझी पाळी आली तेव्हा मी सरळ दोन फासे टेबलावर सांडले. विल्सन म्हणाला, आंटी नवीन आहेत, पुन्हा टाका. मी म्हटलं, नो, रूल इज रूल, आणि हात मांडीखाली घातले. शेवटी त्याने स्वतः टाकले. वाकून बघितलं. एकही चौका नव्हता. मला वाटलं, झालं, आता हा कुठे जातो?

विल्सन हसला. मग तो आईशी त्यांच्या भाषेत बोलला, लाडीगोडीने, तिचा हात थोपटत. आमाचं तोंड उतरत गेलं. मला काही कळेना, तेव्हा त्यानेच आम्हाला इंग्रजीत समजावलं, विनोद सांगावा तसं. म्हणे, आईच सांगते ना चार अशुभ म्हणून? आणि तिला पडले चार-चार चौके. असा शकुन झाल्यावर मी तिला विमानात कसा बसवू? पुढच्या वर्षी बघू.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घर स्वस्तात घेताना चार म्हणजे नुसते चार, आणि आईला दिलेला शब्द पाळायची वेळ आली की चार म्हणजे मरण? मेल्या, तुझ्या दारावर काय लिहिलंय ते बाहेर जाऊन वाच की! यातलं निम्मं मी मराठीत बोलले आणि उरलेलं तोडक्यामोडक्या इंग्रजीत. ‘युवर हाउस फोर फोर,’ म्हटलं, ‘दॅट ओके? मदर फोर नॉट ओके?’ ग्रेस उठून किचनमध्ये गेली. विल्सनचे कान लाल झाले, पण हसू तसंच चिकटलेलं.

शुभंकरने माझं कोपर धरलं. ‘आई, प्लीज. त्यांच्या घरातला मॅटर आहे. आपण इथे गेस्ट आहोत.’

माझाच मुलगा. त्याचंही पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी, माझ्या मिरजेच्या तिकिटाचं, मी गेली तीन वर्षं ऐकतेच आहे. मी त्याच्याकडे बघितलं, तर तो फोनमध्ये बघायला लागला.

टॅबलेटमधली बहीण अजून विचारत होती. एकच प्रश्न, पुन्हा पुन्हा, मलासुद्धा कळला. कधी येणार? विल्सनने हात लांब करून टॅबलेट पालथा घातला आणि सुरीने मोठा मूनकेक कापायला घेतला. पहिला तुकडा आईला दिला. जिंकली होती ना ती.

आमाने तुकडा घेतला नाही. तिने वाडगा जवळ ओढला, त्यातले चार फासे एकेक करून लाल चौक्यावर फिरवले आणि चारही चौके आपल्या मुठीत घेतले. मुलाकडे बघून ती शांतपणे एक छोटं वाक्य बोलली. विल्सनची सुरी थांबली. मग ती माझ्याकडे वळली आणि तिच्या-माझ्या इंग्रजीत तेच पुन्हा म्हणाली.

‘ओके, पामिला. नो प्लेन. आय गो होम, सी.’

अख्खा उन्हाळा मला दोन्ही सी सारखेच ऐकू आले होते. हा मात्र वरून कापून टाकलेला होता.