बोटांतल्या मुंग्या

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत लहान मुलाचं रक्त घ्यायचं असलं की सगळे तिलाच पुढे करत. तिचा हात हलका होता. मूल रडायला तोंड उघडेपर्यंत सुई आत जाऊन बाहेरही आलेली असायची. तिथेच कामाला असलेल्या एका मुलीने तिला 'सुईमावशी' म्हटलं आणि तेच नाव पडलं. पुढे नवराही घरी चेष्टेने तीच हाक मारू लागला.

घरातली माशांची टाकी मात्र नवऱ्याची. तो शाळेची बस चालवायचा. एका मोठ्या सुट्टीत रिकामा बसून कंटाळला आणि ती चार फुटी टाकी, दगड, पाणवनस्पती, डझनभर मासे असं सगळं घेऊन आला. महिनाभर टाकीसमोर खुर्ची टाकून बसला. शाळा सुरू झाली आणि विसरला. हौस त्याची, हाल हिचे.

टाकी ठेवायला जागा एकच होती, बाहेरच्या खोलीतल्या खिडकीखाली. दुपारचं ऊन थेट काचेवर. सासूबाईंना टाकीतला दिवा आवडायचा, म्हणून तो सकाळपासून झोपेपर्यंत चालू. शिवाय त्या येता-जाता चिमूटभर खाऊ टाकायच्या.

"बघ गं कसे तोंड वर करून येतात. मुक्या जिवांना उपाशी ठेवायचं का?"

ऊन, उजेड आणि उरलेलं अन्न मिळाल्यावर पाण्यात व्हायचं तेच झालं. आधी काचेवर हिरवट पुसटसा थर आला, मग दगडांवर मखमल, मग केसांसारखे लांब झुपके. पानांवर, नळीवर, थंडीत पाणी कोमट ठेवणाऱ्या काचेच्या हीटरवर, जिथे बघावं तिथे शेवाळ.

मासे विकणाऱ्या दुकानदाराने तिला समजावलं, "औषधाच्या मागे लागू नका, ताई. दिवा सहा तास पुरे. खाऊ दिवसातून एकदाच. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला आणि काच रोज थोडी थोडी खरवडा. शेवाळाचं जेवण तोडलंत की ते आपोआप हटतं."

जेवण तोडणं सासूबाईंच्या हातात होतं आणि त्या ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. उरलं खरवडणं. ती सकाळी अर्धा तास लवकर उठू लागली. बाही वर करून उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात घालायची आणि प्लॅस्टिकच्या जुन्या पट्टीने काच खरवडायची. कामावर दिवसभर जंतुनाशकाने हात धुऊन तिच्या नखांपाशी कातडी चिरली होती. ती पाण्यात चुरचुरायची, पण तिची तिला सवय होती.

थंडी सुरू होऊन पंधराएक दिवस झाले असतील. एका सकाळी काच खरवडताना तिच्या पहिल्या दोन बोटांना मुंग्या आल्या. बारीक, टोचऱ्या. तिने हात बाहेर काढून झटकला. थंडीचे दिवस, दुसरं काय, असं मनाशी म्हणाली आणि पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी आल्या तेव्हा ती तिथेच स्टुलावर बसली.

तिच्या आईचं, माईचं दुखणं असंच सुरू झालं होतं. उजव्या हाताची हीच दोन बोटं. सकाळी उठलं की मुंग्या. माई हसून म्हणायची, "बोटं झोपली आहेत अजून." वर्षभरात तिला गुंड्या लावता येईनात. दुसऱ्या वर्षी चमचा हातातून पडू लागला. चौथ्या वर्षी ती गेली तेव्हा तिला मान वळवून लेकीकडे बघताही येत नव्हतं. मुंग्या सुरू झाल्या तेव्हा माई बेचाळीस वर्षांची होती. सुईमावशीला येत्या महिन्यात बेचाळीस पूर्ण होणार होती.

तिने कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी तिच्या डोक्यात बसलं. ती गुपचूप स्वतःची परीक्षा घेऊ लागली. न्हाणीघरात कडी लावून डोळे मिटून गाऊनच्या गुंड्या लावायची. आज सात सेकंद, काल सहा होते. एक सेकंद वाढला म्हणून सगळ्या सोडून पुन्हा लावायची. सुईत दोरा ओवायची. एकदा दोरा चुकला तर दिवसभर जीव थाऱ्यावर नसायचा. मग मुंग्या नुसत्या टाकीपाशीच राहिल्या नाहीत. बस थांब्यावर यायच्या, जेवताना यायच्या, नुसत्या आठवणीनेही यायच्या. मनात भीती शिरली की शरीर तिच्या होला हो म्हणतं.

एके दिवशी चार वर्षांचा मुलगा तपासणीला आला. बापाच्या मांडीवर बसून तिच्याकडे टकमक बघत होता. तिने शीर चाचपली, सुई घातली. रक्त नाही. जरा मागे घेऊन पुन्हा. नाही. मुलाने टाहो फोडला.

"बाई, होत नसेल तर दुसऱ्या कुणाला बोलवा ना!" बाप चिडून म्हणाला.

बारा वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने येऊन ते रक्त घेतलं. सुईमावशी हात पाठीमागे बांधून भिंतीशी उभी राहिली.

त्या आठवड्यात ती रजा टाकून नसांच्या डॉक्टरांकडे गेली. घरी सांगितलं, कामावर जाते. डॉक्टरांनी हाताला तारा लावल्या, बारीक सुया टोचल्या, पडद्यावरच्या रेघा बघितल्या.

"सगळं व्यवस्थित आहे. झोप कमी होतेय का? काळजी कसली करता?"

तिने कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. माईच्याही पहिल्या कागदावर सगळं व्यवस्थितच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काच खरवडताना मुंग्या आल्या, त्या थेट मनगटापर्यंत.

मग तो रविवार. नवरा सहलीची बस घेऊन गावाबाहेर गेलेला. पाणी बदलायचा दिवस होता. नळीने पाणी काढताना बादली कलंडली आणि फरशीभर पाणी झालं. रबरी चपला घसरायला लागल्या म्हणून तिने त्या काढून दाराशी ठेवल्या. कोपऱ्यातल्या काचेवर शेवाळाचा जाड थर होता. तिथे हात पोचेना. तिने डाव्या हाताने खिडकीचा लोखंडी गज धरला, वाकली आणि उजवा हात पाण्यात घातला.

मुंग्या नव्हत्याच त्या. कुणीतरी आतून हाड धरून पिळावं तसं झालं. कोपर, खांदा, छाती. डावी मूठ गजावर आवळली गेली. तिला ती सोडायची होती, पण मूठ तिची राहिलीच नव्हती. ओरडायला तोंड उघडलं तर घशातून नुसती घरघर निघाली. समोर मासे आरामात फिरत होते. तिच्या मनात एवढंच आलं, माईचं दुखणं इतक्या लवकर आलं.

"अगं, काय झालं? अशी का वाकलीस?" सासूबाई काठी टेकत आतून आल्या. सुनेचा चेहरा बघून त्या धरायला धावल्या. हात पुढे झालाही होता. ही वीज आहे, हे सुईमावशीला तेव्हा उमगलं; तिने नुसते डोळे वायरीकडे फिरवले. 'नको' म्हणायला तेवढंच शिल्लक होतं.

म्हातारी थबकली. खाली ओली फरशी बघितली, भिंतीवरची टाकीची वायर बघितली. मग हातातली लाकडी काठी उलटी धरली, मुठीचा आकडा वायरीत अडकवला आणि होतं नव्हतं ते बळ लावून ओढला. दिव्याचा आणि हीटरचा एकच प्लग होता, तो निघाला. टाकीतला दिवा गेला. सुईमावशी ओल्या फरशीवर कोसळली.

मग सासूबाई खाली बसून तिचं डोकं मांडीवर घेत रडायलाच लागल्या. "हात लावायचा नाही हे मला कसं सुचलं गं? लावला असता तर दोघीही गेलो असतो."

संध्याकाळी इमारतीतला वायरमन आला. त्याने हीटर बाहेर काढला, शेवाळाचे झुपके बोटांनी ओरबाडले आणि काच उजेडात धरली. वरपासून खालपर्यंत केसाएवढी बारीक चीर होती.

"बऱ्याच दिवसांची दिसते. शेवाळाने झाकली गेली म्हणून कळलं नाही," तो म्हणाला. "तुम्हाला पाण्यात कधी झिणझिण्या नाही आल्या? चिरलेल्या बोटाला तर लगेच कळतं. एरवी पायात रबरी चपला असायच्या म्हणून निभावलं, नाहीतर..."

सुईमावशी हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली. वायरमन सासूबाईंकडे बघायला लागला.

नवरा परतला तेव्हा तिच्या तळहातावर गजाचा लाल वळ होता. तो त्या वळाकडे बघत राहिला. मग तिने सगळं सांगितलं, पहिल्या सकाळपासून, डॉक्टरांच्या कागदापर्यंत.

"दीड महिना? एका शब्दाने बोलली नाहीस?"

"काय बोलू? माईसारखं होतंय, असं?"

"हो, असंच!"

"तू माईला शेवटी बघितलं नाहीस," ती म्हणाली. "मी भरवायचे तिला."

दुसऱ्या दिवशी त्याने टाकीची सगळी बटणं बंद केली, दोनदा तपासली आणि चार दिवस टाकीवर जाड चादर टाकली. अंधारात शेवाळ मरतं असं दुकानदार म्हणाला होता. नवीन हीटर आला, झटका बसताच वीज तोडणारं बटण भिंतीवर आलं. दिवा आता सहा तास. खाऊचा डबा नवऱ्याने कपाटात वर ठेवला. सासूबाईंनी तो परत मागितला नाही.

मुंग्या गेल्या. गुंड्या सहा सेकंदांत लागू लागल्या. पण टाकीत हात घालायचं काम तिने पुन्हा केलं नाही. चादर काढली त्या दिवशी नवरा बाही वर करून मेलेलं शेवाळ काढत होता. ती दाराशी रबरी चपला घालून उभी होती, हातात सासूबाईंची काठी धरून.

"बटण बंद आहे गं," तो म्हणाला.

"असू दे. तू कर तुझं काम."

त्याचा हात बाहेर येईपर्यंत ती तिथून हलली नाही.