उलट्या पिळाची लोकर

कवडू धनगर मेला, तेव्हा त्याच्या मेंढ्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. त्याच्या बायकोने, रुख्माबाईने, मात्र घेतलं. पण दुःखावर चूल पेटत नाही, म्हणून तिने लोकर कातली आणि सूत विकायला कारंज्याला नेलं. अख्ख्या वर्धा जिल्ह्याने स्वराज्यासाठी कापूस कातला होता; लोकरीचं कुणी विचारलं नव्हतं.

घोंगड्या विणणाऱ्या लक्ष्मणरावांनी धागा चिमटीत फिरवला.

"वयनी, तुमी डावऱ्या. तुमचा पीळ उलटा."

"आजवर चालला न?"

"आडवा चालला. उभा धागा कवडूचा राहे, सरळ पिळाचा. दोन्ही उलटे घातले त घोंगडी दाटून बसत नाई. कवडूचं सूत असंल ना घरी?"

"नाई."

होतं. एका घोंगडीपुरतं, गाठोड्यात बांधून तिने ते उशाला घेतलं होतं. रोज झोपताना ती त्याला रागवायची. कवडूने जन्मात ऐकलं नाही, तेवढं ते गाठोडं ऐकायचं.

घरी येऊन तिने उजव्या हाताने टकळी फिरवून पाहिली. हात सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा नुसता बसून राहिला. धागा तुटत गेला, ज्वारीचं मडकं रिकामं होत गेलं.

शेवटी तिने गाठोडं लक्ष्मणरावांपुढे ठेवलं. त्यांनी ते मागावर चढवलं. विणाईही घेतली नाही. उभा कवडू, आडवी रुख्माबाई. लग्नातसुद्धा गाठ इतकी घट्ट बसली नव्हती.

घोंगडी घेऊन ती सडकेवर उभी राहिली. हिवाळ्याचे दिवस. भैयाजी नावाच्या ट्रकवाल्याने घोंगडी ताणून पाहिली.

"उभं पक्कं हाय. आडवं जरा ढिलं."

"तोबी हेच म्हणे."

"कोण?"

रुख्माबाईने पैसे पदराला बांधले. भैयाजी घोंगडी सीटवर टाकून वर चढला.

"कुठं चालला, बाबू?"

"अमरावतीले."

कवडू बैलगाडीतसुद्धा ओकायचा. रुख्माबाईने ट्रकचं दार धरलं.

"हळू चालवजो. त्याले गाडी लागते."

भैयाजीने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग तिच्या कोऱ्या कपाळाकडे. घोंगडी उचलून त्याने खिडकीशी ठेवली, वारा लागेल अशी, आणि गाडी हळूच सडकेला लावली.