माझी वायर लावलीच नव्हती

मित्रांनो, मी एकसष्ट पट्ट्यांचा एक जुना कीबोर्ड आहे. भिलाईजवळ रिसालीतल्या एका घरात, खिडकीपाशी माझा मुक्काम असतो. तुमच्यापैकी काहींनी मला मोबाइलवर पाहिलं असेल. तिथे तुम्ही जे पाहिलंत ते खोटं होतं, आणि ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म दूरच्या कारखान्यातला. दुर्गच्या दुकानात मी वर्षभर काचेमागे पडून होतो. तिथून दौलतराव मला घरी घेऊन आले. ते मूळचे नागपूरकडचे, रेल्वेत गार्ड. त्यांची मुलगी हर्षा तेव्हा दहावीत होती. तिच्या हातांवर कोडाचे पांढरे डाग होते. शाळेत मुली तिच्या शेजारी डबा खायला बसत नसत. घरी आली की ती माझ्यापाशी बसे. मला डाग कळत नव्हते, बोटं कळत होती, आणि ती बोटं फार शहाणी होती. पुढे माझी गंधाराची पट्टी दाबली की खालीच अडकू लागली. हर्षा वाजवता वाजवता ती नखानं अलगद उचलायची. ताल तसूभरही हलायचा नाही.

कॉलेजात तिला प्रफुल भेटला. तो गायचा. दोघांनी मिळून, कारखान्यातल्या तिसऱ्या पाळीवरून, ‘तीसरी पाली’ नावाचा बँड काढला. अकरा वर्षं आम्ही गणेशोत्सवात वाजवलं, दुर्गापूजेत वाजवलं, लग्नांत तर किती, त्याची गणतीच नाही. स्कूटरवर पायांपाशी उभं धरून हर्षा मला नेत असे. भिलाईच्या कॅम्प-१ वस्तीत टायरच्या दुकानावर आमची सरावाची खोली होती. तिथे तीन आठवडे खपून तिनं एका गाण्याची चाल बांधली. ड्यूटीवरून घरी परतणाऱ्या माणसाचं ते गाणं. महिन्याभरात बसमधली माणसं ते गुणगुणू लागली.

मग रायपूरहून व्हिडिओ करणारे लोक आले. दिग्दर्शकानं हर्षाचे हात पाहिले आणि प्रफुलला बाजूला नेऊन सांगितलं, की असे हात कॅमेऱ्याला चालत नाहीत. माझ्यामागे भूमिका नावाची मुलगी उभी केली. तिचा काय दोष? तिला एका दिवसासाठी बोलावलं होतं. तिनं गंधार दाबला, तो खाली गेला तो वर आलाच नाही. व्हिडिओत आजही दिसतं, पूर्ण अंतरा संपेपर्यंत पट्टी खालीच आहे. कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नाही, कारण माझी वायर लावलीच नव्हती! ऐकू येतं ते हर्षानं आधी वाजवलेलं रेकॉर्डिंग. खाली नाव आलं, ‘संगीत: प्रफुल’. हर्षा खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होती, आणि प्रफुल जमिनीकडे.

पुढे जामुलला कार्यक्रम ठरला. तिथेही तेच. रेकॉर्डिंग लागणार, भूमिका पुढे, हर्षा पडद्यामागे. एवढ्या वेळी सांभाळून घे, असं प्रफुल विनवू लागला.

हर्षा म्हणाली, “अकरा वर्षं हेच हात चालले ना तुले? मंग आता कावून लपवून राहिला?”

“लोकं काय म्हणतील, याची भीती वाटते मले.”

“लोकं काहीच नाही म्हणून राहिले, प्रफुल. तूच म्हणून राहिला.”

तिनं मला उचललं, स्टेजच्या अगदी पुढे ठेवलं आणि स्वतः वायर लावली. बाह्या कोपरापर्यंत सारल्या. समोर सिमेंट कारखान्यातले कामगार मुलाबाळांना घेऊन बसले होते. तिनं एकटीनं ती चाल वाजवली. दुसऱ्या ओळीला समोरची माणसं गाऊ लागली. संपल्यावर तिनं माईक घेऊन सांगितलं, की ही चाल मी बांधली आहे. मग मला घेऊन खाली उतरली.

त्या दिवसापासून आम्ही बँडमध्ये नाही. हर्षा घरी आठ मुलांना शिकवते. व्हिडिओखाली अजून प्रफुलचंच नाव आहे. गेल्या महिन्यात तो आला होता. नवं गाणं जमत नाही, परत ये, या वेळी तुझं नाव टाकतो, म्हणाला.

हर्षानं त्याला चहा दिला. मग म्हणाली, “आधी जुन्या गाण्यावर टाक. मंग ये.”

तो अजून आलेला नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ कुणीही पुसेल, पण गाण्याखालचं खोटं नाव आपोआप पुसलं जात नाही. तुम्ही गाणं ऐकलंत की ते कुणी बांधलं आणि कुणाच्या हातांनी वाजलं, हे विचारत जा. कुणी उत्तर द्यायचं टाळलं, तर पुन्हा विचारा.