चिंधी बांधलेला दुध्या

परळीत वैजनाथाच्या देवळामागच्या बोळात पाच घरं होती आणि पाचांचं परस म्हणायला एकच. मधे कमरेएवढ्या मातीच्या भिंती होत्या, पण पाणी भिंती मानत नव्हतं. पहिल्या न्हाणीतलं पाणी दुसऱ्याच्या वांग्यांना, तिथून तिसऱ्याच्या मिरच्यांना, असं करत कौशल्याबाईंच्या परसातून शेवटी महादेवीच्या मांडवाखाली जाऊन मुरायचं.

बियाचंही तसंच होतं. एकेका घरानं एकेका भाजीचं बी राखायचं आणि अक्षयतृतीयेला सुपातून बाकीच्या चार दारी वाटायचं. कौशल्याबाईंकडं घेवडा, भिवराबाईकडं दोडका, महादेवीकडं दुध्या. तो दुध्या तिनं लग्नात बिदरकडच्या माहेरातून पदराला बांधून आणला होता. लांब मानेचा, गूळ न घालता गोड लागणारा. बियाला राखलेल्या फळाला चिंधी बांधायची रीत होती. चिंधी दिसली की बोळातली पोरंसुद्धा हात आखडता घेत.

त्या साली पावसानं ओढ दिली. पहिलं टोचलेलं बी करपलं, म्हणून बायकांनी डब्याच्या तळाचंही टोचलं. तेही गेलं. साऱ्या बोळात दुध्याचा एकच वेल तगला, महादेवीचा, आणि तोही कौशल्याबाईंच्या न्हाणीच्या पाण्यावर. भाद्रपदात त्याला एकच फळ धरलं. वेल भिंतीवरून अलीकडं आला होता, म्हणून फळ लोंबत होतं कौशल्याबाईंच्या बाजूला. महादेवीनं भिंतीवरून वाकून त्याला हिरव्या चोळीची चिंधी बांधली.

“कौशल्याबाई, जरा नदर ठेवा बरं. तुमच्याच अंगनात पोसतंय लेकरू.”

“ठेवते की अक्का. माझंच न्हाई का ते?”

त्याच आठवड्यात देवळात राधाकिशनबुवांची कीर्तनं लागली. कौशल्याबाईंचा जीव कीर्तनात. बुवांनी वीणा लावली की यांचे डोळे भरायचे. सात दिवसांत बुवांचं एक जेवण यांच्या घरी, आणि मागच्या साली बुवांनी यांच्या हातच्या दुध्याच्या खिरीचं नाव काढलं होतं. यंदा घरात काय होतं? सुकलेली वांगी आणि डाळ. यजमान, मोहनराव, करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर मुन्शी. ते म्हणाले, “डाळभात वाढ. बुवा काय खिरीसाठी येतात का?”

पण कौशल्याबाईंच्या मनानं घेतलं. सकाळी त्या परसात गेल्या. दुध्या कोवळा, लुसलुशीत, नख लावलं तर रुतावं असा. माझ्या अंगणात आहे, माझ्या पाण्यावर वाढलाय, आणि जाणार आहे हरिदासाच्या मुखी. देवाच्या कामाला चिंधी कसली आडवी येते? त्यांनी गाठ सोडली, चिंधी कमरेला खोचली आणि देठावर विळा फिरवला.

बुवा जेवायला बसले. खीर तोंडात घालून त्यांनी मान डोलावली.

“माय, मागच्या सालीही म्हणणार होतो, ही चव लहानपणी चाखली होती. या दुध्याचं बी राखलंय ना? चार बिया द्या. आमच्या गोदागंगेकाठी लावीन, म्हणजे तुमचं नाव निघत राहील.”

कौशल्याबाईंच्या हातातली पळी खिरीत तशीच राहिली. चुलीपाशी पडलेल्या साली आणि गाभ्याकडं त्यांची नजर गेली. आतल्या बिया पांढऱ्या, दुधट, नखाएवढ्याही नव्हत्या.

“पुढच्या साली देते, महाराज,” त्या म्हणाल्या.

दुपारी महादेवी भिंतीशी आली. रिकामा देठ तिनं हातात धरून पाहिला.

“वानरानं नेलं वाटतं,” कौशल्याबाई घाईनं म्हणाल्या.

“आसंल. लई शानं वानर बघा. गाठ सोडून नेलं.”

एवढंच बोलून ती गेली. त्या दिवशी कौशल्याबाई कीर्तनाला गेल्या, टाळही वाजवला, पण डोळे कोरडेच राहिले. वेलाला पुन्हा फळ धरलं नाही. अक्षयतृतीयेला महादेवी सूप न घेताच चारी दारी फिरली. म्हणाली, “औंदा माझ्याकडं दुध्या न्हाई.” कौशल्याबाईंनी मूठभर घेवडा तिच्या ओटीत घातला. सांगायचं ओठांवर आलं होतं, पण तेवढ्यात भिवराबाई आली आणि राहून गेलं.

भाद्रपदात बुवा पुन्हा आले. कीर्तन संपल्यावर बुक्का लावता लावता त्यांनी साऱ्या बायकांदेखत विचारलं, “माय, त्या चार बिया?”

गळ्यातलं इष्टलिंग पदराआड सावरत महादेवी तिथंच खांबाला टेकून उभी होती. कौशल्याबाईंनी एकदा तिच्याकडं पाहिलं. तेवढ्यात महादेवीच पुढं झाली.

“महाराज, ते बी माझ्याकडं होतं. माझ्या हातून राखनं झालं न्हाई. माफी करा.”

बुवांनी तिच्या कपाळाला बुक्का लावला. कौशल्याबाई खाली मान घालून उभ्या राहिल्या. एक शब्द पुरला असता. तो निघाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या चिंधी घेऊन महादेवीच्या दारी गेल्या. ती ओसरीवर ज्वारी पाखडत होती. चिंधी पुढं ठेवली तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं.

“मीच कापला, अक्का.”

“म्हाईत हाय. शिजायला लागला तवाच वास आला मला. त्या दुध्याचा वास मी वळखनार न्हाई का?”

“मग कावून बोलला न्हाईत? काल तर सारी आळी होती.”

“तुमी बोलाल म्हनून बगत होते. वरीस झालं, वाट बगत होते.”

कौशल्याबाईंना रडू आलं. त्या म्हणाल्या, मोहनरावांना बिदरला पाठवते, तुमच्या माहेरी कुणाकडं तरी असेलच. महादेवीनं मान हलवली.

“माय गेली, परस गेलं. भावानं तिथं दुकान बांदलंय. तेवढंच एक होतं, ते हितं होतं.”

मग तिनं ती चिंधी उचलली, परसातल्या दगडावर नेऊन धुतली आणि दोरीवर वाळत घातली.

“घेवड्याला बांदा औंदा,” ती म्हणाली. “पर नदर मी ठेवीन.”

बोळात पुढं पुष्कळ भाज्या झाल्या. दुध्या बाजारातून आला, मोठा, पाणचट. बुवा दर साली यायचे, मिळेल ते गोड मानून जेवायचे. बियांचं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. त्यांनी विचारावं असं कौशल्याबाईंना दर साली वाटायचं. चारचौघांत सांगायचं तेवढं अजून शिल्लक होतं.